हिऱ्याचे जन्मगाव

हिऱ्याच्या व्यवहारात पांढऱ्या कागदाची पुडी उलगडली जाते तेव्हा पहिली नजर जाते ती तेजाकडे आणि दुसरी, भिंग डोळ्याला लावल्यावर, दोषाकडे. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या शांत उजेडात खडा चिमट्यात धरून फिरवला जातो. आत कोठे काळा ठिपका आहे का, पिसासारखी चीर आहे का, ढगासारखी धूसर छाया आहे का, हे दहापट मोठे दाखवणाऱ्या काचेतून पाहिले जाते आणि दोष सापडला की भाव उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब आहे आणि दागिन्याच्या दृष्टीने तो रास्तही आहे. परंतु ज्या ठिपक्यापायी पेढीवर भाव पडतो, त्याच ठिपक्यासाठी काही गिऱ्हाइके मुद्दाम असले खडे शोधत हिंडतात. ही गिऱ्हाइके म्हणजे भूशास्त्रज्ञ.

ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात जुइना नावाचा भाग आहे. तेथे नदीच्या उथळ रेतीतून हिरे वेचणारे लहान खाणकामगार आहेत. २००८ साली त्यांच्याकडून एक हिरा शास्त्रज्ञांच्या हाती आला. रंग मळकट तपकिरी, आकार वेडावाकडा, लांबीरुंदी काही मिलीमीटरांची. कोणत्याही जव्हेऱ्याने बाजूला सारावा असा. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रॅहॅम पिअर्सन आणि त्यांचे सहकारी त्यात खरे तर दुसरेच एक खनिज शोधत होते. शोधता शोधता केसाच्या जाडीहूनही लहान असा एक कण हाती लागला. त्याची परीक्षा होऊन २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तो कण रिंगवुडाइट या खनिजाचा होता.

हे खनिज त्याआधी दोनच ठिकाणी पाहिले गेले होते. प्रयोगशाळेतील प्रचंड दाबाच्या यंत्रांत आणि आकाशातून पडलेल्या काही उल्कापाषाणांत. पृथ्वीच्या पोटात ते विपुल असले पाहिजे, जमिनीखाली साधारण ५२० ते ६६० किलोमीटरांच्या दरम्यान, असे शास्त्रज्ञ अनेक दशके सांगत होते. मात्र तेथला एक कणही कोणाला दाखवता आला नव्हता. म्हणजे माल पाहिलेला नाही, नमुना हाती नाही, तरी गोदामात काय भरले आहे ते ठामपणे सांगितले जात होते. असे सांगण्याचे धैर्य त्यांना कोठून आले, हाच खरा कुतूहलाचा विषय आहे.

कारण तेथवर माणूस पोचणे अशक्यच. रशियाच्या उत्तर टोकाला कोला द्वीपकल्पात सोव्हिएत अभियंत्यांनी सुमारे दोन दशके एक विवर खोदले. १९८९ साली त्याची खोली १२,२६२ मीटर झाली आणि तेथेच ते थांबले. अपेक्षेपेक्षा अधिक उष्णतेने खडक पुढे खोदू देईना. सव्वाबारा किलोमीटर हा आकडा मोठा वाटतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे कळते की केंद्राकडे जाणाऱ्या वाटेचा पाचशेवा भागही तोडला गेला नव्हता. तेथील कवच संपून त्याखालचे प्रावरण लागायला अजून कित्येक किलोमीटर बाकी होते.

तेव्हा उघडून पाहण्याचा मार्ग बंद. उरला वाजवून पाहण्याचा. चांदीचा रुपया चालत होता त्या काळी दुकानदार तो दगडावर वाजवून घेत असे. नादावरून खोट कळे. माठ घेताना बोटाच्या पेराने ठोकून तडा ओळखण्याची रीत आजही घरोघर आहे. पृथ्वीला अशी टिचकी मारण्याची ताकद माणसाच्या बोटात नाही. ते काम भूकंप करतात. एका ठिकाणी खडक तुटतो आणि तेथून निघालेली कंपने साऱ्या गोलातून धावत जातात. दूरदेशी, ज्या गावात कोणाला काही जाणवलेलेही नसते, तेथे तळघरातील यंत्राची सुई किंचित थरथरते. या शास्त्राची सामग्री बहुतांशी अशी न जाणवलेल्या थरथरीचीच आहे.

या थरथरीत एकाहून अधिक आवाज मिसळलेले असतात, हे प्रथम नीट उलगडून दाखवण्याचा मान भारताच्या भूमीवर काम करणाऱ्या एका संशोधकाकडे जातो. १२ जून १८९७ रोजी आसामात, शिलाँगच्या परिसरात, भयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे त्याच्या अभ्यासाचे काम आले. युरोपातील यंत्रांनी त्या भूकंपाच्या नोंदी टिपल्या होत्या. त्या जुळवून पाहताना ओल्डहॅम यांनी तीन प्रकारचे तरंग वेगवेगळे ओळखले. पहिले, दाबत आणि सैलावत पुढे जाणारे प्राथमिक तरंग; सर्वांत वेगवान. दुसरे, दोरीला झटका द्यावा तसे आडवे हलवत जाणारे दुय्यम तरंग. यांचा वेग पहिल्यांच्या सुमारे पाऊणपटीहूनही कमी असतो आणि द्रवातून ते जाऊच शकत नाहीत. तिसरे, भूपृष्ठालगत रेंगाळत येणारे पृष्ठतरंग. विजेची चमक आणि गडगडाट यांतील अवधीवरून ढग किती दूर हे जसे ताडता येते, तसे पहिल्या दोन तरंगांच्या आगमनातील अवधीवरून भूकंप किती दूर झाला ते काढता येते.

वेगाची थोडी कल्पना यावी म्हणून एक हिशेब : कवचाच्या लगेच खाली, प्रावरणाच्या माथ्यावर, प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण ८ किलोमीटर धावतो. मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर त्याला पंधरा सेकंदांचे.

प्रावरणाचा हा माथा सापडला तो एका विसंगतीमुळे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी आजच्या क्रोएशियात, झाग्रेब शहराच्या दक्षिणेस कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी ठिकठिकाणच्या वेधशाळांतून नोंदी मागवल्या, वेळा कागदावर मांडल्या, आणि हिशेब जुळेना. ठरावीक अंतरापलीकडच्या केंद्रांवर प्राथमिक तरंग एकदा येण्याऐवजी दोनदा आल्यासारखा दिसत होता. एखाद्याने यंत्राचा दोष म्हणून तो आकडा सोडून दिला असता. मोहोरोविचिच यांनी तो सोडला नाही.

त्यांचे उत्तर मालवाहतुकीच्या व्यवहारातील माणसाला चटकन पटण्यासारखे आहे. जवळचा गाव असेल तर जुन्या रस्त्याने सरळ जाणारी गाडी आधी पोचते. गाव लांबचा असेल तर थोडा वळसा घेऊन द्रुतगती मार्गाला लागलेली गाडी उशिरा निघूनही पुढे जाते. तसेच काही तरंग वरच्या मंद खडकातून सरळ आले होते; काही खाली उतरून, अधिक वेगवान खडकातून धावून, पुन्हा वर आले होते. याचा अर्थ खाली निराळा खडक आहे आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा आहे. त्यांच्या गणिताने ती तेथे ५४ किलोमीटर खोल निघाली. आज ही सीमा त्यांच्याच नावाने, लाडक्या संक्षेपात ‘मोहो’ म्हणून, ओळखली जाते. महासागरांच्या तळाखाली ती अवघ्या सहासात किलोमीटरांवर, भूखंडांखाली सरासरी पस्तीस किलोमीटरांवर आणि तिबेटसारख्या उंच पठाराखाली सत्तरच्या घरात आढळते. तिच्या वर कवच, खाली प्रावरण.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण तो शाळेच्या तक्त्यांनीच पसरवला आहे. कवचाखाली तांबडालाल रस उसळत असतो आणि त्यावर जमीन तरंगते, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. परंतु दुय्यम तरंग, जे द्रवातून जात नाहीत, ते प्रावरणातून बिनदिक्कत जातात. तेव्हा प्रावरण घन आहे. तापलेले, दाबलेले, लाखो वर्षांच्या मापाने अतिशय सावकाश सरकणारे, तरी घनच. शंभर ते दोनशे किलोमीटरांच्या आसपास अनेक ठिकाणी दुय्यम तरंगांचा वेग मंदावतो. बेनो गुटेनबर्ग यांनी १९२६ च्या सुमारास हे दाखवून दिले. तेथील खडक वितळण्याच्या उंबरठ्याजवळ, म्हणून नरम असतो. या पट्ट्याला दुर्बलावरण म्हणतात आणि त्याच्या वरच्या ताठर थराला, कवचासकट, शिलावरण. खंड सरकतात ते या शिलावरणाचे तुकडे होऊन, त्या नरम पट्ट्यावरून.

त्याही खाली गेले की तरंगांचा वेग दोन ठिकाणी एकदम उसळी घेतो. एक ४१० किलोमीटरांवर, दुसरी ६६० वर. जगात कोठेही भूकंप होवो आणि कोठेही तो नोंदला जावो, या दोन पायऱ्या थोड्याफार फरकाने सापडतातच. प्रश्न असा होता की तेथे बदलते ते काय? खडकाचे द्रव्यच निराळे होते, की द्रव्य तेच राहून त्याची बांधणी बदलते?

वरच्या प्रावरणाचा मुख्य घटक ऑलिव्हीन हे हिरवट खनिज. जव्हेऱ्यांना त्याची पारदर्शक जात पेरिडॉट या नावाने परिचित आहे. ऑस्ट्रेलियाचे आल्फ्रेड रिंगवुड आणि त्यांच्यासारख्या काही संशोधकांनी त्याला प्रयोगशाळेत दाबाखाली धरले. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट दाब झाला की त्याचे अणू अधिक घट्ट रचले जातात आणि वाड्स्लेआइट बनते. आणखी दाबले की रिंगवुडाइट. सुमारे दोन लाख तीस हजार पटीवर तेही मोडून दोन निराळी खनिजे तयार होतात. हे दाब खोलीत मांडले तर पहिला ४१० किलोमीटरांना येतो आणि शेवटचा ६६० किलोमीटरांना. तरंगांनी दाखवलेल्या पायऱ्या आणि प्रयोगशाळेतील आकडे असे जुळले. एका बाजूला वेळेची वही, दुसऱ्या बाजूला दाबाची. दोन स्वतंत्र कारकुनांनी लिहिलेल्या, आणि शिल्लक एकच. शास्त्रज्ञांच्या त्या ठामपणाचा उगम येथे आहे. जुइनाच्या हिऱ्याने त्यात तिसरी, प्रत्यक्ष मालाची साक्ष घातली.

त्या कणात वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास पाणीही निघाले. वृत्तपत्रांनी लगेच पृथ्वीच्या पोटातील महासागर म्हणून मथळे दिले. ते पाणी वाहते नाही. स्फटिकाच्या जाळ्यात अणूंच्या रूपाने अडकलेले आहे. शिवाय एका पोत्यातील एका दाण्यावरून साऱ्या गोदामाचा भाव कोणी करत नाही. तो साऱ्या पट्ट्याचा नमुना आहे की केवळ त्या जागेचा, हे एका खड्यावरून ठरणारे नाही.

जुइनासारखे इतक्या खोलीचे हिरे फार विरळ. बाजारात येणारे बहुतेक हिरे दीडशे ते दोनशे किलोमीटरांवर, शिलावरणाच्या तळाशी जन्मलेले असतात. तेथे दाब पुरेसा हवा आणि उष्णता त्या मानाने बेताची हवी. ही दोन्ही अटी एकत्र पाळणारी ठिकाणे म्हणजे भूखंडांचे अतिप्राचीन, दोनशे-अडीचशे कोटी वर्षांहून जुने, स्थिर भाग. भूशास्त्रज्ञ त्यांना क्रेटॉन म्हणतात. भूकंपतरंग अशा भागाखालून जाताना दोनशे किलोमीटर खोलीपर्यंत वेगाने जातात, कारण तेथील खडक थंड आणि ताठर असतो. दक्षिण आफ्रिका, कॅनडा, सायबेरिया यांच्याखाली अशी खोल मुळे तरंगांच्या नकाशांत स्पष्ट दिसतात आणि जगातील मोठ्या हिऱ्याच्या खाणीही त्यांच्याच माथ्यावर आहेत.

हे नकाशे करण्याची पद्धत इस्पितळातील सीटी स्कॅनसारखी. हजारो भूकंप, शेकडो केंद्रे, प्रत्येक तरंगाला अपेक्षेहून किती सेकंद उशीर वा घाई झाली याची नोंद. एकमेकांना छेदणाऱ्या असंख्य वाटांवरून कोठे थंड आणि कोठे उष्ण ते काढायचे. जेथे तरंग मंदावतो तो भाग तांबडा रंगवतात, जेथे वेग घेतो तो निळा. पाहणाऱ्याला तांबडे म्हणजे धगधगता रस वाटतो, प्रत्यक्षात फरक बहुधा शेकडा एकदोनाचा असतो. रंग निवडणाऱ्यांनी थोडा संयम बाळगला असता तर बरे झाले असते.

मग भारताचे काय? हिरा जगाला प्रथम दिला तो या देशाने. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकात सुरू होईपर्यंत जगाच्या बाजारातला हिरा जवळजवळ सगळा येथूनच जात असे. पन्ना येथे मझगवाँची खाण आजच्या काळातही हिरे देत आली आहे. आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूरच्या परिसरात पहिल्या पावसाने माती धुतली गेली की लोक शेतातून खाली मान घालून फिरताना दिसतात, कारण क्वचित कोणाला खरोखरच हिरा सापडतो. या दोन्ही ठिकाणी हिरे वर आणणारे उद्रेक सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे त्या काळी भारताखालचे मूळ निदान दीडशे किलोमीटर खोल असलेच पाहिजे. नाहीतर हिरा बनलाच नसता.

२००७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील आणि जर्मनीच्या पॉट्सडॅम येथील संशोधकांनी मिळून या मुळाचे माप घेतले. त्यांची रीत सुंदर होती. दूरच्या भूकंपाचा दुय्यम तरंग खालून वर येताना शिलावरणाच्या तळाशी आदळतो तेव्हा त्याचा थोडा अंश प्राथमिक तरंगात बदलतो. हा अंश अधिक वेगवान असल्यामुळे मूळ तरंगाच्या काही सेकंद आधीच यंत्रावर पोचतो, वऱ्हाडाच्या आधी येऊन वर्दी देणाऱ्या स्वाराप्रमाणे. तो किती आधी आला, यावरून तळ किती खोल ते निघते. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांची मुळे १८० ते ३०० किलोमीटर निघाली. एके काळी यांच्याशीच गोंडवन या महाखंडात जोडलेल्या भारताचे मूळ निघाले सुमारे १०० किलोमीटर.

संशोधकांनी मांडलेली कारणमीमांसा अशी : सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनाची फाळणी झाली, तेव्हा खालून वर आलेल्या उष्ण झोताने भारताच्या शिलावरणाचा खालचा अर्धा भाग वितळवून टाकला असावा. खोल नांगर कापला गेलेल्या गलबताप्रमाणे भारत मग हलका झाला आणि वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर या अचाट वेगाने उत्तरेकडे निघाला. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका यांची चाल २ ते ४ सेंटिमीटरांची होती. पुढे आशियाला धडकून हिमालय उभा राहिल्यावर भारताचा वेग ५ सेंटिमीटरांच्या आसपास उतरला.

ही मीमांसा मोहक आहे. परंतु तिच्यावर दोन बाजूंनी आक्षेप आहेत. पृष्ठतरंगांच्या आधारे दक्षिण भारताचे माप घेणाऱ्यांना ताठर थर दीडशे किलोमीटरांच्या आसपास जाड आढळला. एकाच वस्तूची दोन मापे इतकी भिन्न येतात, कारण तळाची व्याख्याच दोन्ही रीतींत थोडी निराळी पडते : एक रीत धारदार सीमा शोधते, दुसरी हळूहळू होणारा बदल. आणि दुसरा आक्षेप आला तो हिऱ्यांकडून. छत्तीसगढातील मैनपूरजवळ बेहराडीह येथे हिरे असलेली किंबर्लाइटची नळी आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचे वय सुमारे ६.५ कोटी वर्षे ठरले. म्हणजे ज्या काळात दख्खनचे लाव्हाचे थर पसरत होते, ज्यांतून पुढे सह्याद्रीचे कडे झाले आणि वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्याच काळात तेथून साडेतीनशे कोसांच्या आत जमिनीखालून हिरे वर येत होते. गोंडवन फुटून तेव्हा साडेसात कोटी वर्षे लोटली होती. मूळ जर त्या फाळणीतच वितळले असते, तर ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकाला हिरे मिळाले कोठून?

यावर दोनच उत्तरे संभवतात. एक तर मध्य भारताच्या त्या भागाचे मूळ फाळणीतून बचावले आणि झीज नंतर, कदाचित दख्खनच्या उद्रेकांच्या वेळी वा त्याहीनंतर झाली. किंवा मूळ आजही काही ठिकाणी शाबूत आहे आणि विरळ केंद्रांच्या जाळ्यातून ते निसटले आहे. पहिले खरे असेल तर भारताच्या वेगवान प्रवासाचे कारण नव्याने शोधावे लागेल. दुसरे खरे असेल तर हिऱ्यांच्या शोधासाठी नकाशा पुन्हा पाहावा लागेल. निवाडा करायला अधिक दाट बसवलेली केंद्रे हवीत आणि भूकंप हवेत. भूकंप सुमात्रा, जपान, फिजी येथून न मागता येतच असतात. बेहराडीहच्या हिऱ्यांनी ६.५ कोटी वर्षांपूर्वीची शिल्लक लिहून ठेवली आहे, तरंगांनी आजची. मधली पाने अजून कोरी आहेत.